मागच्या आसावर बसणारा माणूस

पुंडलिक मिस्त्री गेले, हे मला वलगावात माझ्या भावानं सांगितलं. तो अकोल्याच्या बाजारात भाजी देऊन परतला होता, रिकाम्या टोपल्या उतरवायच्या आधीच म्हणाला, "तुहे मिस्त्री गेले रे वामन. चार दिस झाले." चार दिवस! ते मुलीकडे अकोल्याला राहायला गेल्यापासून आमची एकदाच भेट झाली होती. तेव्हा त्यांना श्वास पुरत नव्हता, तरी पहिला प्रश्न मी चालवतो त्या गाडीचाच... "मांग सरकते का?" मागची चाकं सरकत नाहीत, असं मी म्हटलं आणि त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मला आणखी एक गोष्ट बोलायची होती, ती मी गिळली. आज महिना उलटल्यावर ती सांगायला कागद घेऊन बसलो आहे. शहाणपण माझ्याकडे नेहमी उशिराच येतं.

अमरावतीच्या धर्मार्थ दवाखान्याला एका मालदार घराण्यानं आपली जुनी विलायती मोटार दिली होती, मेळघाटातल्या गावांना औषधं आणि नर्सबाई पोचवण्यासाठी. मी तिचा ड्रायव्हर. परतवाड्याच्या पुढे दगड तिच्या पोटाला घासत, म्हणून मिस्त्रींनी स्प्रिंगांखाली जाड ठोकळे घालून ती चार बोटं उंच केली. त्या गाडीला मागे एक आडवा दांडा होता. त्याचं एक टोक उजवीकडे सांगाड्याला आणि दुसरं डावीकडे आसाला, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या लोखंडाला. आस बाजूला सरकू नये हेच त्याचं काम. गाडी उचलली तसा दांडा तिरपा झाला आणि त्यानं आख्खा आस चाकांसकट उजवीकडे ओढला. मिस्त्रींनी दांडा कापला, जोड देऊन लांब केला, दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून पाहिला... चाकं बरोबर मधोमध. आम्ही खुशीत चहा प्यायलो.

घाटात मात्र वेगळाच प्रकार. दगडावरून मागचा भाग उसळला, की कोणी कमरेत धक्का दिल्यासारखी गाडी कडेला सरके. मी मिस्त्रींना सांगितलं. ते हसले. "गाडी नाई रे, तुहा हात सरकून राह्यला. तुले बैल हाकलाची सवय!" मीही हसलो. पुढच्याच आठवड्यात सेमाडोहच्या अलीकडच्या वळणावर मागची चाकं निसटली आणि गाडी नाल्यात कलंडली. नर्सबाईंचं कोपर मोडलं. तो हात आजही सरळ होत नाही. दवाखान्यानं मला घरी बसवलं. वामन पिऊन होता, असं गावात झालं. मी थेंबाला शिवत नाही. पण लोकांचं सोडा; एक दिवस भाकर वाढताना माझ्या बायकोनंच हळूच विचारलं, "खरं सांगा... डोळा लागला होता का?" त्या दिवशी मी ताटावरून उठलो.

मग एका सकाळी मिस्त्रींचा निरोप आला, बायकोला घेऊन ये म्हणून. त्यांच्या आवारात दवाखान्याचा कारभार पाहणारे पंच जमले होते, नर्सबाई हात गळ्यात अडकवून खुर्चीवर होत्या. नाल्यातून ओढून आणलेल्या गाडीच्या मडगार्डवरून ओळंबा लटकत होता आणि चाकावर खडूची खूण होती. मिस्त्रींनी सहा हमाल मागे चढवले. गाडी दबली आणि ओळंबा खूण सोडून चांगला दोन बोटं सरकला. हमाल उतरले, ओळंबा परत खुणेवर. "मी उभ्या गाडीचं माप घेतलं," मिस्त्री म्हणाले. "दांडा लांब केला, पन तिरपा तो तिरपाच ठेवला. म्हनून दर धक्क्याले आस कडेले जाये. सांगाड्याकडचं टोक खाली आनून दांडा आडवा कराले पाह्यजे होता. चूक माही आहे. वामनले याच्यातलं काईच ठाऊक नव्हतं."

ठाऊक नव्हतं! गाडी सरकते हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि ते जाणूनच मी बाईंना बसवून घाट चढलो होतो. ते विसरले नव्हते; माझ्याकडे बघत बोलले होते. मला वाचवायला ते खोटं बोलले. पंचांनी मला परत बोलावलं, बायको पदरानं डोळे पुसत राहिली, आणि मी गप्प बसलो. मिस्त्रींचं गिऱ्हाईक मात्र तुटत गेलं. पाडलेल्या गाडीचे मिस्त्री, असंच लोक त्यांना म्हणू लागले.

त्यांनी दांडा आडवा करून दिला. तेव्हापासून कोणतीही गाडी देण्याआधी ते स्वतः मागच्या बाकावर, नेमके आसाच्या वर बसत आणि खडकाळ रस्त्यावर न्यायला लावत. डोळे मिटलेले, तळहात बाकावर टेकलेला. "उभ्या गाडीवर माहा भरवसा नाई," म्हणत. आमच्या गाडीतून तर ते दरवर्षी पार सेमाडोहपर्यंत येत. मला हा माणूस फार प्रिय होता, आणि आरशात ते दिसले की मला स्वतःची लाज वाटे. दरवेळी ठरवायचो, आज त्यांच्यादेखत बाईंना खरं सांगायचं. घाट संपायचा, मी बोलायचो नाही.

गेल्या आठवड्यात नर्सबाईंना शेजारी बसवून वर निघालो होतो. त्या वळणावर गाडी थांबवली आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मोडलेलं कोपर दुसऱ्या हातात धरलं.

"हे तुमी मिस्त्री जित्ते असतांना सांगाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं आणि गाडी काढली. मागची चाकं दगडावरून उसळली, गाडी सूतभरही सरकली नाही. मी आरशात पाहिलं... मागचं बाक रिकामं होतं.