काठावरची खाच

मानमोडीच्या तापाची साथ येण्याआधी धारला आमच्या आळीत पाच घरांत क्षयाची माणसं होती. कोण कुठे खोकतंय ते विहिरीवर जाता-येता ऐकू यायचं. साथ आली तेव्हा आधी तीच गेली. मग आळीत कुणी खोकेना. लोक म्हणाले, चला, साथीबरोबर क्षयही गेला. मला ती शांतता मानवली नाही. खोकला ऐकू आला की निदान लांब राहता येतं.

माझी मुलगी लग्नाची झाली होती. देवासचं स्थळ आलं. पुरुषांनी गोत्र आणि नोकरी विचारली. मला स्वयंपाकघर बघायचं होतं. आमच्यात क्षयाच्या माणसाची ताटवाटी वेगळी ठेवत, आणि ती मिसळू नये म्हणून काठाला कानशीने खाच पाडत. तसलं भांडं दिसलं की त्या घरात मुलगी द्यायची नाही. हळदीकुंकवाचं निमित्त काढून मी बैलांच्या दमणीने देवास गाठलं.

घर लख्ख होतं. बाजूला काढलेलं भांडं एकही नव्हतं. मुलाच्या आईने खीर दिली. वाटी तोंडाला लावली आणि ओठाला खाच लागली. मी वाटी खाली ठेवली.

"अगंबाई, खिरीत माशी पडली काय?"

"ही खाच कुणासाठी पाडलेली?"

"मुलाचं घर बघायला आलात की वाट्या?" त्या हसल्या, पण लपवलं काही नाही. "थोरल्या सुनेची ती. साथीत गेली बिचारी. आता खोकणारं उरलंय कोण? कल्हईवाला भैया आला तेव्हा सगळीच भांडी दिली. भट्टीतून निघाली, शुद्ध झाली. आता आम्ही सगळेच वापरतो."

हे स्थळ नको, हे दमणीत बसतानाच ठरलं. अर्ध्या वाटेत मात्र आठवलं. माझ्या धाकट्या दिरांनाही क्षय होता. तेही साथीतच गेले. कल्हईवाला आमच्याही आळीत आला होता, आणि सगळं पितळ गोणीत भरून मीच त्याला दिलं होतं.

घरी आले तेव्हा मुलगी चुलीपाशी ताक-भाकरी खात होती. हातपायही न धुता मी फळीवरच्या वाट्या उतरवल्या आणि एकेका काठावरून बोट फिरवलं. सगळ्या गुळगुळीत.

"आई, काय शोधतेस?"

मी तिच्या हातातली वाटी घेतली. बोट अडलं.

"ही कधीपासून घेतेस?"

"ही माझीच आहे. काठाला खाच आहे ना, पटकन ओळखू येते."

देवासला नकार कळवला नाही, होकारही नाही. वर्षभर थांबा, एवढंच लिहायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वाटी परसात खोल पुरली. त्या वर्षी रोज पहाटे मी मुलीच्या आधी जागी होत असे आणि अंथरुणातच पडून राहत असे. उठल्यावर तिचा पहिला आवाज कोणता येतो, तेवढं ऐकायला.