गिअरचं लाल तेल

आमच्या फाटकासमोर धाटावच्या कंपनीची बस थांबते. शिफ्टला जाणारी माणसं तिथं उभी राहतात, गुटखा चघळतात आणि थुंकतात. त्यामुळे फाटकाच्या आत, गाडी लावतो त्या फरशीवर लाल डाग दिसला तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. फाटक उघडलं आणि अख्ख्या रांगेला ऐकवलं, "आता आत येऊन थुंकायला लागलात काय? स्वतःच्या घरी पण अंगणातच थुंकता?"

"वहिनी, आम्ही आत कशाला येऊ?" एक जण म्हणाला.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हटलं आणि फाटक आपटलं. फरशी फिनेल टाकून घासली. दुसऱ्या दिवशी डाग परत तिथंच. या वेळी खाली वाकून बोट लावलं. तेलकट लागलं, वास जरा जळका. पिंक तेलकट नसते एवढं मला कळतं. डाग गाडीचा होता. त्या माणसांची मी माफी बिफी काही मागितली नाही. आतला डाग त्यांचा नव्हता एवढंच. बाहेरचे सगळे त्यांचेच आहेत.

गाडी जुनी आहे, पण माझी आहे. माझ्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही. लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावून चालते. तो पाय क्लच दाबू शकत नाही, म्हणून मी ही बिनक्लचची, आपोआप गिअर पडणारी गाडी घेतली. साध्या गाडीचं गिअरचं तेल पिवळट असतं, हिचं मात्र आमसुलाच्या सारासारखं लाल. ते संपलं की गिअर पडत नाही आणि गाडी जागची हलत नाही.

पेणला माहेरच्या ओटीवर माझा शिवणवर्ग आहे. पार गागोद्याच्या बाजूच्या मुली येतात. गाडी नव्हती तेव्हा मी रोह्याहून एसटीनं जायचे. एसटीची पहिली पायरी किती उंच असते हे चांगल्या पायाच्या माणसाला कळत नाही. दर वेळी कोणीतरी माझ्या बगलेत हात घालून मला वर ओढायचं. कधी कंडक्टर, कधी ओळख ना पाळख असा कोणी बाप्या. आणि वर मी "थँक्यू भाऊ" म्हणायचं. गाडी आली त्या दिवसापासून माझ्या बगलेत कोणी हात घातलेला नाही. माझ्यासाठी ही गाडी म्हणजे एवढंच, आणि हे फार आहे.

तर गळती. रोह्यातल्या गॅरेजमध्ये मी आणि नवरा गेलो. गाडी मी चालवत नेली, चावी मी दिली, काय होतंय ते मी सांगितलं. गॅरेजवाला मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही सावलीत बसा," आणि खाली डोकावून माझ्या नवऱ्याला म्हणाला, "शेठ, गिअरबॉक्स गेला."

"गेला म्हणजे? नक्की कुठून गळतंय?" मी विचारलं.

"शेठ, वहिनींना सांगा, आतून गळतंय. सगळा बॉक्स तेलानं न्हालाय."

मी हातभर अंतरावर उभी होते हो! बहिरी नाही, मुकी नाही, फक्त एक पाय अधू आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. पेणला दुसऱ्याकडे दाखवली, तर तोही तेच. गिअरबॉक्स ओला, म्हणजे गिअरबॉक्स गेला. जुन्या गाडीचा मिळणार नाही, मिळाला तरी परवडणार नाही, गाडीच काढून टाका. गळती शोधायचे कष्ट दोघांनीही घेतले नाहीत. वरून तेल ओतलं, हात पुसले, झालं.

नवऱ्याला तेवढंच निमित्त पुरलं. जेवताना, ताटावरून मान न उचलता म्हणाले, "रविवारी माणूस येतोय. गाडी बघायला."

"कोणाची गाडी?"

"आपली."

"आपली काय! माझी. आणि मला न विचारता?"

"त्यात विचारायचं काय हाय? भंगारात जाण्यापरीस कोणी घेतोय तर देऊ. तुला पेणला मी सोडीन."

"आणि शिफ्ट कोण करणार, तुमचा मेव्हणा?"

"मग वर्ग हितं रोह्यातच घे. अगो, रस्त्यात बंद पडली तर काय करशील? चालत येशील काय?"

हातातला घास मी ताटात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या पायावरून हा माणूस कधी एक शब्द बोलला नव्हता. आणि बोलला तो गाडी विकायला. त्यांचं त्यांनाही कळलं असावं, कारण आमटी न मागता तसेच उठले. मी काही रडले नाही. मला इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती.

शनिवारी सकाळी ते रात्रपाळी करून आले. येताना नाक्यावरून लिंबू-मिरची आणली होती. दर शनिवारी आणतात. एकदा वडखळला एका ट्रकनं माझा बाजूचा आरसा उडवला होता, तेव्हापासून हा नेम. गाडीच्या तोंडाशी वाकून, हात आत घालून, तारेनं बांधतात आणि मग आंघोळीला जातात.

"उद्या विकणार ना? मग आज कशाला बांधताय?" मी विचारलं.

"उद्यापर्यंत तर आपलीच हाय," असं म्हणाले आणि जेवून झोपले.

ते घोरायला लागले आणि मी कामाला लागले. आमच्या शिवणात एक साधी रीत आहे. मशीनचं तेल ब्लाउजला लागायला लागलं की मशीन स्वच्छ पुसायची, तिला खडूची पूड फासायची आणि चालवायची. पूड जिथं सगळ्यात आधी भिजते, तिथून तेल येतं. मशीनला चालतं ते गाडीला का चालू नये? खुणांच्या खडूचे तुकडे डबाभर साठले होते, ते खलबत्त्यात कुटले. गाडीची पुढची चाकं दोन चिऱ्यांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, कॅलिपर काढून ठेवला आणि गोधडी टाकून खाली सरपटत गेले. खाली सरपटायला दोन पाय लागत नाहीत.

डिझेलच्या फडक्यानं सगळा गिअरबॉक्स पुसून काढला. तोंडावर काळे ओघळ आले, केसात माती गेली. प्रत्येक पुसण्याबरोबर मी एकेकाचा उद्धार करत होते. आधी गॅरेजवाल्याचा, मग पेणवाल्याचा, आणि मग सावकाश, चवीनं, नवऱ्याचा. सुकल्यावर खडूची पूड फासली. थेंब नेमका कुठं पडतो ते कळायला खाली पांढरं कापड हवं होतं. घरात पांढरं म्हणजे नवऱ्याचं लग्नकार्याला नेसायचं धोतर. तेच अंथरलं. म्हटलं, होऊ दे खर्च.

बाहेर येऊन इंजिन चालू केलं आणि चहा पीत बसले. मग बंद केलं, निवू दिलं आणि परत खाली गेले. बघते तर काय, गिअरबॉक्स ठणठणीत कोरडा! खडू जसाच्या तसा पांढरा. आणि धोतरावर लाल थेंब पडले होते ते पार पुढं, गाडीच्या नाकापाशी.

अग आई गं, म्हटलं. गाडी चालते तेव्हा वारा समोरून येतो. तेल पुढं गळतंय, वाऱ्यानं मागं उडतंय आणि गिअरबॉक्सवर जाऊन बसतंय. धावून आलेली गाडी बघायची आणि ओलं दिसेल त्याला दोष द्यायचा! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. या शहाण्यांच्या शब्दावर माझी गाडी उद्या जाणार होती.

गिअरचं तेल थंड व्हायला रबरी पाइपातून पुढच्या रेडिएटरकडे जातं. मी खालून हात वर घातला आणि पाइप चाचपत गेले. ओला, ओला, अजून ओला. आणि टोकाजवळ बोटाला काहीतरी कचकन टोचलं.

तार होती.

एक नाही, वेढ्यावर वेढे. बंपर खालून तुटलेला, त्यामुळे बांधायला जागा नाही, म्हणून फटीतून हात घालून, लागेल त्या पाइपाला दर शनिवारी नवी तार पिळलेली. लिंबं सुकून गळून गेली होती, तारा तशाच राहिल्या होत्या. एका तारेत काळी पडलेली मिरची अडकली होती. आणि त्याखाली, त्याच पाइपाला, आज सकाळचं लिंबू ताजं, पिवळंधमक लटकत होतं. खड्ड्याखड्ड्याला हलून हलून तारेनं रबर कापत आणलं होतं. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून!

"अहो! उठा! आधी बाहेर या!" मी खालूनच ओरडले. बसथांब्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

लुंगी सावरत धावत आले. "काय झालं गो? पाय अडकला काय?"

मी तारांचा तो गुंता लिंबासकट ओरबाडून काढला आणि त्यांच्या पायाशी फेकला. त्याच्यातून लाल तेल ठिबकत होतं. त्यांनी तिकडं बघितलं, धोतराकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं.

"हे गळत होतं," मी म्हटलं. "तुमचं लिंबू गळत होतं. गिअरबॉक्स नाय, इंजिन नाय, गाडी म्हातारी झाली म्हणून नाय. तुम्ही कापलीत ती!"

"तिथं बांधायला दुसरं काय नव्हतं..."

"मग मला विचारायचं! गाडी कोण चालवतं?"

ते हळू आवाजात म्हणाले, "तू एकटी जातेस. जीव टांगणीला लागतो. तुझ्यासाठीच बांधत होतो ना."

यानं तर माझा संताप दुप्पट झाला. द्वेषानं कापली असती तर चार शिव्या तरी घातल्या असत्या. माया आहे म्हटल्यावर विचारायची गरज उरत नाही, हे यांना कोणी शिकवलं? मायेनं बांधायचं, मायेनं विकायचं, मायेनं मला घरात बसवायचं. "तुमची माया मला माणूस समजत नाय," मी म्हटलं. ते तिथंच फरशीवर खाली बसले.

पाइप टोकाजवळ चिरला होता, म्हणून तेवढा भाग कापून उरलेला परत चढवता येणार होता. कापडाची कात्री मी मेले तरी रबराला लावणार नाही. स्वयंपाकघरातली विळी आणली आणि चिरलेलं टोक कापून टाकलं. पाइप परत दाबून बसवला, क्लिप आवळली, वरून नवं तेल घातलं. पेचकस त्यांनीच हातात दिला. मी मागितला नव्हता. इंजिन चालू करून पुन्हा खाली बघितलं, खडू सगळीकडे पांढराच होता.

रविवारी गाडी बघायला तो माणूस आला. मी फाटकाशीच उभी होते. माझ्या बाजूनं वळसा घालून तो नवऱ्याकडे गेला. "मग शेठ, घेऊन जाऊ ना?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "गाडी तिची हाय. तिला विचारा."

"वहिनींना काय विचारायचं..." तो हसला.

"नाय द्यायची," मी म्हटलं. आणि तो गेला.

"गाडी तिची हाय" या नवऱ्याच्या वाक्यानं मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. गाडी माझी आहे हे यांच्या तोंडून यायला मला डिझेलनं तोंड माखून गाडीखाली झोपावं लागलं, याचाच राग आला. सोमवारी पेणला गेले. नागोठण्याला थांबून खाली वाकून बघितलं, पेणला पोचल्यावर त्या डागाळलेल्या धोतराची घडी गाडीखाली सरकवली. वर्ग सुटेपर्यंत एक थेंब पडला नाही. आठवडाभर मी घरात कामापुरतं बोलले.

पुढच्या शनिवारी मी मुलींची पोलकी द्यायला पेणला निघाले होते. कॅलिपरचे पट्टे आवळून बाहेर आले, तर हे गाडीसमोर उभे. हातात लिंबू-मिरची. बांधली नव्हती. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे, रात्रपाळीचे बूटही काढलेले नव्हते.

"कुठं बांधू?" त्यांनी विचारलं.

जेवलीस का, दमलीस का, हे त्यांनी हजारदा विचारलं असेल. गाडीचं मला काहीतरी पहिल्यांदा विचारलं.

"आतल्या आरशाला," मी म्हटलं. "आणि तारेनं नाय. दोऱ्यानं."

दोरा मीच आणून दिला, काळा, दुपदरी. त्यांनी बांधला. गाठ सैल होती म्हणून मी ती सोडून परत मारली. राग गेला होता असं काही नाही, अजूनही पुरता गेलेला नाही. त्यांनी फाटक उघडलं आणि बाजूला उभे राहिले. मला बसवायला पुढं आले नाहीत, हात पुढं केला नाही. मी सीटवर बसले, दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला आणि दार ओढून घेतलं.