थंडीत गोठलेला शेंदरी रंग

लग्न होऊन मी मानवतला आले, तेव्हा आपला भाग हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात नुकताच गेला होता. आमचे हे तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. हैदराबादेला कॉलेजात ते रंगद्रव्यांवर काम करत असताना त्यांचे वडील वारले, आई एकटी पडली, म्हणून सगळं अर्ध्यात टाकून घरी आलेले. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत. शाळेत आता मराठी आलेली. द्रावणाला ते सवयीनं 'महलूल' म्हणत, रेणूला 'सालमा'. पोरं हसायची. घरी आले की पुस्तक न उघडता तसेच पडून राहायचे.

त्यांच्या ट्रंकेत एक छोटी शिशी होती, गडद पूड भरलेली. निघताना त्यांच्या प्रोफेसरांनी दिलेली. एकदा मी विचारलं, तेव्हा त्यांनी चिमूटभर पूड गरम पाण्यात विरघळवून दाखवली. पाणी गडद शेंदरी झालं.

"थंडी पडली की हे गोठतं," ते म्हणाले. "बर्फासारखं नाही, खळीसारखं. ह्याचे सालमे चपटे असतात. पाण्याशी त्यांचं जमत नाही, म्हणून एकाच्या पाठीला एक चिकटून बसतात. लांबच लांब चळत होते."

"दुरडीतल्या भाकरीसारखी?"

"हो. पण भाकरी कुणीतरी रचावी लागते. हे आपले आपण रचले जातात." मग म्हणाले, "असे दोन सालमे एका दोऱ्याच्या दोन टोकांना जोडले, तर ते एकमेकांना चिकटून दोरा आपोआप दुमडेल का, एवढंच मला बघायचं होतं."

ते पाणी त्यांनी एका बाटलीत भरून ठेवलं, पण काही गोठेना. दिवाळी गेली, रंग पाण्यासारखाच हलायचा. "हैदराबादेला बर्फ मिळायचा," म्हणून त्यांनी नाद सोडला.

पौषात एकदम गारठा आला. मला वाटलं, ओल्या फडक्यानं रांजण गार होतो, मग बाटली का होणार नाही? संध्याकाळी मी बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ती वाऱ्याच्या तोंडाला माळवदावर ठेवली. पहाटे सासूबाईंनी मला शिडीवर पाहिलं.

"एवढ्या थंडीत वर काय करायलीस गं?"

मी बाटली कलती केली. रंग जागचा हलला नाही. उन्हाची पहिली तिरीप त्यावर आली, तर शेंदरी जाऊन आत लख्ख गुलाबी झालेला, आणि कडेला आतून दिवा लावल्यासारखा पिवळा उजेड. मी ओरडलेच, "अहो, वर या!"

ते आले. बाटली उलटी धरली. खाली एक थेंब पडला नाही. त्यांचे डोळे भरून आले. मग एकदम म्हणाले, "ऊन चढलं की मोडेल," आणि बाटली शालीखाली धरून अनवाणीच शाळेकडे पळत सुटले. शाळा सकाळचीच भरायची. त्यांच्या मागं मी, आणि माझ्या मागं सासूबाई.

आम्ही दोघी वर्गाच्या खिडकीशी उभ्या राहिलो. ते बोलत होते. निम्मं मराठी, निम्मं उर्दू, पण कुठं अडत नव्हते. त्यांनी बाटली हातांच्या ओंजळीत धरली, जरा ऊब दिली, तशी खळ सुटून पाणी झाली, रंग पुन्हा शेंदरी. सगळा वर्ग बाकांवर चढलेला. 'सालमा' म्हटल्यावर कुणीही हसलं नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, आता परत गार करा की!"

दुपारी त्यांना जेवायला वाढताना सासूबाई म्हणाल्या, "हे अर्धं टाकून आलास व्हय माझ्यापायी?"

"तसं न्हाई, आई."

"मग कसं? तुझं तोंड आज लय दिसानं उजळलेलं बघितलं मी. जा तू. पुरं करून ये. मी काय एकली हाय का? ही हाय ना माझ्यापाशी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकटीनं राहायचं नव्हतं, आणि त्यांनी जावं असंही तेवढंच वाटत होतं. मी म्हटलं, "जा."

पुढल्या उन्हाळ्यात ते हैदराबादेला गेले. आम्ही सासू-सुना त्यांना गाडीत बसवायला स्टेशनावर गेलो. येताना टांग्यात सासूबाईंनी माझा हात जो धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. ते शिक्षण पुरं करून आले आणि जन्मभर शिकवत राहिले. दोऱ्याचा प्रश्न त्यांच्याकडून काही सुटला नाही. पण त्यांच्या गैरहजेरीतले आम्हां दोघींचे दिवस फार गोडीचे गेले. रिकाम्या दुपारी सासूबाई मला विचारायच्या, "ते एकमेकाला चिकटून बसत्यात, ते काय गं, पुन्ना सांग." आणि मी त्यांच्या मांडीला मांडी लावून सांगत बसायची.