मशीन बंद करणाऱ्या ताई

आमच्या संगणकवाल्या ताई कुठल्याही मशीनकडे पाहून पहिला प्रश्न एकच विचारत, "हे शेवटचं बंद कवा केलं होतं?" नमस्कार-चमत्कार नंतर. उत्तर आलं नाही की त्या नुसतं "हं" म्हणत, आणि समोरचा खुर्ची सोडून बाजूला होई. मी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याकडचा, जिथे सगळे मोठ्यानेच बोलतात तिथे वाढलेला. तरी सुरुवातीला त्या दिसल्या की मी दुसऱ्या दाराने निघायचो.

अकोल्याच्या आमच्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांवर माझी पीएच.डी. चालली होती. तिचं सगळं गणित विभागाच्या एकुलत्या एका मोठ्या लिनक्स मशीनवर. एक फेरी संपायला काही आठवडे लागत, आणि दर वेळी मशीन चालूच राहून गणित अर्ध्यात गोठायचं. गोठलं की पुन्हा पहिल्यापासून! माझे गाइड, म्हणजे आमचे सर, तेच विभागप्रमुख, उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर माझं काही खरं नव्हतं.

ताई अमरावतीहून रोज रेल्वेने यायच्या. नोकरी कंत्राटी, पण तोरा कायम नोकरीवाल्याला लाजवेल असा. चूक झाली तर तीही तोऱ्यातच सांगत. आधी त्यांनी रॅमवर खापर फोडलं. मशीन चालू ठेवूनच रॅम तपासली, तर ती ठणठणीत. दुसऱ्या कोणी धूळ, वीज, माझं नशीब असं काहीबाही पुढे केलं असतं. ताई चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मी चुकली. रॅम बिचारी चांगली होती." आणि पुन्हा मशीनच्या नोंदी वाचायला बसल्या.

दुखणं प्रोसेसरमध्येच निघालं. त्याच्या पोटात बारीक सूचना असतात, त्याला मायक्रोकोड म्हणतात. त्यातल्या चुकीमुळे जड गणित अर्ध्यात अडकत होतं. कंपनीने दुरुस्ती केव्हाच काढली होती, आमच्या मशीनवर ती उतरवलेलीही होती. पण लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली, ती प्रोसेसरला देते मशीन सुरू होताना, आणि आमचं मशीन तर कित्येक वर्षांत बंदच झालं नव्हतं. ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "औषध आणून फळीवर ठेवलं, आन् म्हणता ताप उतरून नाही राहिला. पाजलं कोणं?"

आता गंमत अशी, की मशीन बंद न होणं हाच आमच्या विभागाचा अभिमान. दसऱ्याला त्याला हार घालायचो. पाहुणा आला की सर त्याला आधी तेच दाखवत. सरांनाही दोष कसा देऊ? आधीचं मशीन एकदा वीज गेली तेव्हा बसलं, ते उठलंच नाही. त्या धास्तीने ते ताईंना म्हणाले, "आणि हे नाही उठलं तर?"

"नाही उठलं तर माही नोकरी जाईन. नाही बंद केलं तर याची पदवी जाईन. सांगा सर, काय घालवायचं?"

सरांनी मशीनवरचा वाळलेला हार काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "करा."

दुपारी जेवणं झाल्यावर ताईंनी बंद केलं. पंखे थांबले तशी खोली एकदम ओकीबोकी वाटली. मी डोळेच मिटून घेतले. थोड्या वेळाने घरघर सुरू झाली, स्क्रीनवर ओळी सरकल्या, आणि एका ओळीवर ताईंनी बोट ठेवलं. मायक्रोकोडचा क्रमांक बदलला होता. "पाजलं," त्या म्हणाल्या आणि डबा धुवायला गेल्या.

गणित या वेळी अडकलं नाही. पण ते संपायच्या आत ताईंचा करार संपला. वरून आदेश आला, कंत्राटी जागा सगळ्याच गेल्या. निकाल स्क्रीनवर आला तेव्हा मला रडू फुटलं, आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. मला फार वाईट वाटलं.

प्रबंध वेळेत गेला. सरांच्या शेवटच्या आठवड्यात मायक्रोकोडची आणखी एक दुरुस्ती आली. मी ती टाकली आणि सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाहतोस काय? बंद कर." मी बंद केलं. सर माझा खांदा धरून उभे होते, मशीन उठेपर्यंत सोडला नाही. मग म्हणाले, "ताईले फोन लाव."

ताईंनी पहिल्याच रिंगला उचलला. "उठलं का?"

"उठलं, ताई."

"मंग मले काहून फोन करून राहिले? कामाले लागा." आणि ठेवून दिला.