उजव्या बाजूचा पोचा

देवरुखहून निघताना अण्णांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "दिग्या, पाळणा आणि गाडी, दोन्ही सांभाळून ने. आणि जेवत जा वेळेवर." एवढंच. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना येता येत नव्हतं. ते पायरीवर काठी धरून उभे होते आणि मी गल्लीच्या वळणापर्यंत आरशात त्यांना बघत होतो.

पाळणा फणसाच्या लाकडाचा. शुभाताई, म्हणजे अण्णांची मुलगी, याच पाळण्यात वाढली. आता ती नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या लोणखेड्याला कॉलेजात शिकवते. तिला मुलगी झाली होती. तिची आई, आमच्या काकू, महिनाभर आधीच रेल्वेने तिकडे गेल्या होत्या आणि बारशाला पाळणा तोच हवा, असा दोघींचा हट्ट. मी अण्णांचा ड्रायव्हर. आठवीत शाळा सुटली तेव्हा त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात ठेवून घेतलं, पुढे गाडी शिकवली, त्याला आता बरीच वर्षं झाली. अण्णांचा पुण्याचा मुलगा म्हणतो, ही जुनी गाडी भंगारात काढा, ड्रायव्हर कशाला पोसता? त्यावर अण्णांचं एकच उत्तर, "दिग्याच्या हातात आहे तोवर गाडीला काही होत नाही." त्यामुळे गाडीवर नुसता ओरखडा उठला तरी मी तो दिवसभर बोटाने चोळत बसतो.

पाळणा सुटा केला तरी मावेना. मागची सीट दुमडली, आमसुलांची पिशवी पायाशी घेतली, आणि शेवटी डिकीतली जॅकची पेटी काढून पडवीत ठेवली. एवढ्या चांगल्या रस्त्याला जॅक कशाला लागतोय, असं वाटलं.

नाशिकला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी धुळं मागे टाकलं आणि दोंडाईच्यानंतर मुलूखच बदलला. आपल्याकडे दर वळणाला डोंगर आडवा येतो. इथे जमीन काळी, सपाट, नजर जाईल तिथवर. वेचून झालेल्या कापसाची बोंडं काटक्यांना तशीच लटकलेली, मध्येच केळीच्या हिरव्या बागा. मग तापी नदी आली. तिच्यावरचा पूल इतका लांब, की मी गाडी हळू केली आणि आपल्या बावनदीसारख्या दहा नद्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. तरी पाणी उरलंच.

नदीकाठी सारंगखेडा. घोड्यांची जत्रा भरलेली. पांढरे, काळे, ठिपक्यांचे घोडे, मानेत गोंडे, आणि घोड्यांपेक्षा जास्त मिशा पिळलेले त्यांचे मालक. मी डोळे भरून बघत होतो आणि तेवढ्यात गाडी उजवीकडे ओढायला लागली. मागचं उजवं चाक बसलं होतं.

केळीच्या बागेतून एक गृहस्थ ट्रॅक्टरवरून येत होते. डोक्याला टोपी, कानात सोन्याची बाळी. त्यांनी ट्रॅक्टर थांबवला.

"काय व्हयनं भाऊ?" (काय झालं?)

"पंक्चर. आणि जॅक घरी राहिला."

"कोन गावना?"

"देवरुख."

"ते कोठे शे?"

"लांब. समुद्राकडे."

"मंग मासा लई उना का?" (मग मासे घेऊन आलास का?) असं म्हणून ते आपल्याच विनोदावर हसले आणि ट्रॅक्टरचा जॅक काढून दिला. नाव नरोत्तमभाई. इकडच्या गुजर शेतकऱ्यांत नावापुढे भाई लावायची पद्धत आहे.

जॅक दणकट होता, पण डोकं रुंद. आमच्या गाडीला दारांच्या खाली पत्र्याची एक उभी कड आहे. तिच्यावर चारही चाकांजवळ अण्णांनी पिवळ्या ऑइलपेंटचे ठिपके दिलेत. जॅक नेहमी ठिपक्याखाली, ही त्यांची शिकवण. मी कधी कारण विचारलं नाही. पण हा रुंद जॅक ठिपक्याखाली बसेचना, कडेवरून घसरायचा. शेवटी मी तो हातभर आत सरकवला, जिथे पत्रा सपाट दिसत होता, आणि वर चढवायला लागलो.

आधी कर्र असा आवाज आला. मग गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच वर गेला. कणकेत अंगठा रुतावा तसा. मी दचकून तो सोडवायला गेलो, तर जॅक तिरका झाला आणि गाडीचा भार खालच्या कडेवर आला. आत बघितलं तर पायाखालची रबरी चटई उंचवट्यासारखी फुगलेली, आणि मागचं दार लागेना. चार वेळा आपटलं. चारही वेळा ते तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिलं.

मी रस्त्याच्या कडेला मटकन बसलो. पहिला विचार अण्णांचा आला. दुसरा त्यांच्या मुलाचा.

नरोत्तमभाईंनी वाकून बघितलं. मग पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको. रज्जाकचाचाकडे ने. त्यासनाकडे दोन घोड्या शेतस. गाडी उचली लेतीन." (त्यांच्याकडे दोन घोड्या आहेत. गाडी उचलून घेतील.)

मी जत्रेकडे बघितलं. एक घोडी मागचे दोन पाय झाडत होती. माझ्या डोळ्यांपुढे दोन घोड्या, मध्ये दोर आणि दोराला लटकलेली अण्णांची गाडी! मी म्हटलं, "भाई, घोड्यांना जमेल का? गाडी जड आहे. आत पाळणा पण आहे."

ते नुसते बघतच राहिले. मग त्यांना असं हसू फुटलं, की ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उभं राहावं लागलं.

हसून झाल्यावर त्यांनी जॅकचं डोकं मागच्या आसाखाली नीट लावून चाक बदललं आणि दाराला दोरी बांधून दिली. हळूहळू आम्ही गावात गाड्यांचं पत्राकाम करणाऱ्या रज्जाकचाचांकडे गेलो. पत्र्याची शेड, दारात बाभूळ. साठीचे चाचा, दाढी मेंदीने लाल झालेली. नरोत्तमभाईंनी सगळ्यात आधी घोड्यांची गोष्ट सांगून टाकली. चाचांनी कोपऱ्यातून दोन लोखंडी तिकाटणी ओढत आणली, तीन पायांची. गाडी वर केली की खाली टेकू म्हणून लावतात त्यांना ते घोडी म्हणतात.

"हाई दख मन्ही घोडी. दाना मांगत नही, लाथ बी मारत नही," चाचा म्हणाले. मग गाडीखाली डोकं घातलं आणि त्यांचा आवाज बदलला. "आरे बापरे! जॅक कोठे लावा तू? हाई गाडी शे का पापड शे?"

मी बोटाने तो सपाट पत्रा दाखवला.

"अजून दोन बोटं इकडे लावला असता तर डिझेलची नळी दबली असती," ते आता माझ्यासाठी मराठीत बोलू लागले. "आमचा बाप नालबंद होता. याच जत्रेत घोड्यांना नाल ठोकायचा. घोड्याचा पाय कुठूनही धरला तर घोडा लाथ मारतो. खांद्यापासून हात खाली आणायचा, मग तो आपणच पाय देतो. गाडीपण सांगते, मला इथं धर. ही कड दोन पत्रे जोडून केलेली, म्हणून मजबूत. सपाट दिसतो तो नुसता पत्रा. तो फसवतो."

"आजच्या आज होईल का? उद्या बारसं आहे."

"होईल. पण पाळणा उतर. घोडीवर ओझं नको."

पाळणा चाचींनी शेजारच्या घरात नेऊन ठेवला. मला जेवायला बसवलं. वांग्याचं भरीत, कांद्याच्या पातीसकट, आणि कळण्याची भाकरी (उडीद आणि ज्वारी एकत्र दळून केलेली). भरीत इतकं तिखट, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखटामुळेच आलं, असं मी चाचींना सांगितलं.

जेवताना ताईचा फोन. "कुठे पोचलास दिगूदादा?"

"जत्रा बघतोय," मी म्हटलं. खोटं नव्हतं. पण घास तसाच राहिला.

परत शेडमध्ये गेलो तर चाचा चटया काढून बसले होते. उजव्या बाजूला लाकडी ठोकळा धरून आतून ठोकत होते, वरून एक, बाजूने दोन, घाई नाही. कड सरळ होत आली होती. मी हळूच विचारलं, "चाचा, रंग मारल्यावर कोणाला कळेल का?"

"कोणाले?"

"मालकांना."

ते ठोकायचे थांबले. डावीकडची चटई उचलून म्हणाले, "आठे भी एकदाव असंच व्हयेल शे." (इथेही एकदा असंच झालेलं आहे.)

मी वाकलो. डाव्या बाजूला, मागच्या दाराजवळ, तांबूस रंगाखाली हातोडीच्या खुणा होत्या. माशाच्या खवल्यांसारख्या.

"जुनं काम आहे. चांगल्या हाताचं," चाचा म्हणाले. "कोन्ही करं हाई?" (कोणी केलं हे?)

"ही गाडी अण्णांशिवाय दुसरं कोणी..." म्हणता म्हणता मी थांबलो.

साखरप्याच्या अलीकडचं वळण. मी एकोणीस वर्षांचा, लायसन हातात येऊन महिना झालेला. मागचं डावं चाक पंक्चर. अण्णा मैलाच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "बदल तू. मी बघत नाही." आणि खरंच पाठ करून बसले, दरीकडे तोंड करून. कर्र असा आवाज तेव्हाही आला होता. मला वाटलं, जॅकचा आवाज असाच असतो. चाक लागलं. अण्णा वळले, खाली वाकून जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "शाब्बास. हात चांगला आहे तुझा." मला त्या दिवशी घाट ठेंगणा झाला होता. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन रत्नागिरीला गेले, सर्व्हिसिंग म्हणून. संध्याकाळी आले तेव्हा डिकीत नवा जॅक होता आणि गाडीखाली चार पिवळे ठिपके. मला म्हणाले, "जॅक नेहमी ठिपक्याखाली. आणि किल्ली आजपासून तुझ्याकडे."

एवढी वर्षं मी त्या ठिपक्यांवरून हात फिरवत आलो.

"चाचा," मी म्हटलं, "रंग मारा गंजू नये म्हणून. पण लपवू नका."

त्यांनी मान हलवली आणि परत ठोकायला घेतलं. दिवस मावळायच्या आत दार लागलं. एकदाच, अलगद. निघताना मी चाचींना आमसुलं दिली. चाचांनी एक तोंडात टाकून एक डोळा मिटला, "हाई काय शे रे? घोडा बी पळी जाई!" चाचींनी पाळण्यात गुळाचा खडा ठेवला. रिकामा पाळणा आमच्या दारातून जायचा नाही, म्हणाल्या. नरोत्तमभाई शहाद्याच्या फाट्यापर्यंत ट्रॅक्टरने पुढे आले, वाट चुकू नये म्हणून.

बारसं छान झालं. ताईच्या मुलीने त्या पाळण्यात पहिली झोप काढली, तेव्हा काकू डोळे पुसत होत्या आणि मी कड्या नीट बसल्यात का ते तिसऱ्यांदा बघत होतो.

परतीच्या वाटेवर अण्णांना काय सांगायचं ते नाशिकपर्यंत पाठ केलं, पुण्यापर्यंत विसरलो, आंबा घाटात परत जुळवलं. पडवीत अण्णा खुर्चीत बसले होते. खुर्चीशेजारी जॅकची पेटी, पुसून ठेवलेली.

"हा राहिलेला तू निघालास त्याच सकाळी दिसला," ते म्हणाले. "फोन करणार होतो. मग म्हटलं, नको. मेल्या, सगळी वाट घाबरत गाडी चालवशील."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ट्रॅक्टरचा जॅक, कर्र आवाज, चाचांची घोडी. डाव्या बाजूचंही सांगितलं. अण्णांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. नवा पोचा मात्र त्यांनी बघायला मागितला नाही.

"या वेळी कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"उजव्या."

"मग बरं झालं," अण्णा म्हणाले. "आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. जा, हातपाय धू. चहा टाकलाय."