एक टेम्पो आणि मांडीवर कुंडी

घरं हलवून देणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. टेम्पो त्यांचा, हमाल त्यांचे, पण धंदा खरा चालायचा तो त्यांच्या नजरेवर. कुणाचं घर बदलायचं ठरलं की मामा आधी घर बघायला जात. दारातच थांबत, डावा डोळा किंचित मिटत आणि पहिला प्रश्न विचारत, "माळा कुठे आहे?" मग कपाटांच्या डोक्यावर काय काय चढवलंय ते बघायचं आणि स्वयंपाकघरातला एकच खण ओढायचा. खण ओढताना अडकला की समजायचं, या घरात काही म्हणजे काही टाकून देत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा! टेप नाही, मोजणं नाही. चहाला उकळी फुटायच्या आत मामांचा निकाल तयार असे. "दीड टेम्पो." किंवा, "एक टेम्पो, आणि मांडीवर एक कुंडी."

लोक हसत. पण टेम्पो भरला की खरोखरच एखादी कुंडी खाली उरायची आणि घरची बाई ती मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसायची. मामांची नजर अशी गाजली, आणि मामांनी ती गाजू दिली. कौतुकाचं त्यांना वावडं नव्हतं. भाजीवाल्याकडे ढिगाकडे बघूनच ते वजन सांगत, आणि काट्याने वेगळं काही दाखवलं तर संशयाने काट्याकडे बघत.

मामींना या नजरेचं फारसं अप्रूप नव्हतं. "घरातलं तेल संपलंय, ते कधी दिसलं नाही यांना," एवढंच त्या म्हणत.

अधूनमधून मामा कामावरून काहीतरी घरी घेऊन येत. कधी आरामखुर्ची, कधी उंच दिवा, एकदा तर तीनचाकी सायकल. "लोक प्रेमाने देतात, नाही कसं म्हणायचं?" मामी काही विचारत नसत. वस्तू पुसून माळ्यावर चढवत आणि पडदा ओढून घेत.

पुढे मामांचे गुडघे कुरकुरायला लागले. तिसरा मजला सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर जायचं ठरलं. धंद्यात नुकताच आलेला भाचा म्हणाला, "मामा, आता तुम्ही आराम करा. घरं बघायला मी जातो. वयाप्रमाणे नजरही थकते की नाही?"

गुडघ्यांबद्दल बोलला असता तर चाललं असतं. नजरेचं नाव काढल्यावर मामांचा पारा चढला. हमालांसमोर ते गरजले, "माझ्याच घराचा अंदाज सांगतो. एक टेम्पो, आणि मांडीवर एक कुंडी. चुकलो तर पुन्हा कुणाच्या घराची पायरी चढणार नाही!"

बोलून गेले खरे, पण रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. घर बघणं गेलं तर उरायचं काय? दोन गुडघे आणि एक खिडकी.

सामान निघालं त्या दिवशी मामा स्वतः टेम्पोपाशी उभे राहिले. कपाट, पलंग, भांड्यांची खोकी, गाद्या. शेवटचं टेबल उलटं करून आत सरकवलं, टेम्पोची मागची फळी लागली, आणि खाली उरली ती फक्त मामींची कोरफडीची कुंडी. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कुलूप लावायला म्हणून ते ऐटीत जिना चढले. भाचा मागोमाग आला, आणि वर बघून म्हणाला, "मामा, हा पडदा राहिला की काढायचा."

त्याने पडदा ओढला.

माळा गच्च भरला होता. आरामखुर्ची, दिवा, सायकल, दोन स्टुलं, आरसा, घडीचं टेबल. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताच माळा विचारणारे मामा स्वतःच्या माळ्याखाली इतकी वर्षं झोपले होते. एकेक वस्तू आली तेव्हा ती बक्षीस वाटली होती. ढीग एकदम समोर आला, आणि त्यांना प्रत्येक वस्तू टेम्पोची फळी लागत नाही म्हणून रस्त्यावर उभी राहिलेली आठवली. "जाऊ द्या, तुम्हीच ठेवा," म्हणणारे ओशाळे चेहरेही आठवले. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा ड्रायव्हर दारात आला, त्याने वर पाहिलं आणि उगाच बुटाची नाडी बांधायला बसला.

"मामा, हा तर आणखी अर्धा टेम्पो!" भाचा म्हणाला.

"पाऊण," स्वयंपाकघरातून हात पुसत मामी आल्या. "आणि ते सगळं माझ्या माहेरचं आहे. यांना मी कधी दाखवलंच नाही, मग अंदाजात यायचं कुठून? दुसरा टेम्पो मी कालच सांगून ठेवलाय. बघत काय राहिलास? उतरव!"

भाच्याने कान पकडले. "मग पैज मामांचीच."

दुसऱ्या टेम्पोत मामा-मामी शेजारी बसले. कुंडी मामींच्या मांडीवर होती. मामा समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"तुझ्या माहेराहून एक पत्र्याची पेटी आली होती," ते म्हणाले. "झाकण वाकलेली."

"आली होती."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या खुर्चीला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"अहो, इतकी घरं बघितलीत, एखादी खुर्ची उरणारच. माळा मोठा होता." मामींनी कुंडीतली माती बोटाने दाबली. "नव्या घराला माळा नाही. पुढच्या घरी जाल तेव्हा पाव टेम्पो जास्त सांगा."

 मामांनी मामींच्या मांडीवरची कुंडी उचलली आणि स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांवर घेतली.