व्याहीभेटीच्या रेघा

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मी लिंबांनी मोडत आणलं होतं.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. बदनापूरजवळच्या आमच्या गावात वडिलांना कंपवातानं गाठलं होतं. हात थरथरायचे आणि चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. जालन्याचे हकीमसाहेब म्हणाले, "दवा थोडी, चलना ज्यादा." पण सपाट अंगणात वडील हलेनात. वावरातल्या सऱ्या मात्र एकेक ओलांडत झपाझप जायचे! म्हणून मी अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या. रोज सकाळी त्या ओलांडायच्या, हाच व्यायाम. पाऊल हळूहळू सुटायला लागलं.

तेवढ्यात बहिणीचं लग्न ठरलं.

"व्याहीभेटीला म्या माझ्या पायानं जाणार," वडील म्हणाले. "खुर्चीत घालून नेलं तर पोरीच्या सासरी काय तोंड दाखवू?"

लग्नाच्या सकाळी मी घरापासून वेशीपर्यंत रेघा मारल्या. शुभकार्य म्हणून त्यांवर हळदकुंकू टाकलं. रेघेचं टोक वडिलांना नीट दिसावं म्हणून तिथं एकेक लिंबू ठेवलं. (दगड होते. पण लग्नात दगड बरे दिसत नाहीत.)

तीर्थपुरीचं वऱ्हाड वाजतगाजत वेशीत आलं आणि पहिल्याच रेघेपाशी थबकलं. वाजंत्री गप्प झाली.

"उतारा हाय ह्यो," नवरदेवाची आत्या म्हणाली. "कुणीतरी करणी करून राह्यलं. ओलांडायचं न्हाई."

"अहो, मीच केलंय ते!" मी पुढं होऊन सांगितलं.

आत्यानं नवरदेवाला माझ्यापासून लांब ओढलं. व्याही म्हणाले, "गाड्या फिरवा. जल्दी."

एवढ्यात गल्लीतून वडील आले, एकेक रेघ ओलांडत. सगळं वऱ्हाड जागच्या जागी खिळलेलं, आणि चालत होता तो एकटा कंपवाताचा पेशंट! शेवटची रेघ ओलांडून त्यांनी व्याह्यांना मिठी मारली.

"माझ्या पायासाठी काढल्यात पोरानं," ते म्हणाले. "न्हाईतर घरातच अडकून पडलो अस्तो."

व्याह्यांनी डोळे पुसले, वडिलांचा हात धरला आणि तेही रेघा ओलांडत निघाले. मागं वऱ्हाड. सगळ्यात शेवटी आत्या, लिंबं चुकवत.

हकीमसाहेबांचे आणि त्या व्याह्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. लग्न तर लागलंच, पण वडील पुढंही कित्येक वर्षं चालते राहिले.

माझं लग्न तेवढं रखडलं. पंचक्रोशीत माझा मांत्रिक म्हणून लौकिक झाला होता. मुलगी कोण देणार? अखेर एक स्थळ जमलं. हुंड्यापांड्याचं काही अडलं नाही. मुलीकडच्यांनी अट एकच घातली: रांगोळीला नवरदेवानं हात लावायचा न्हाई.